मोजलेली माणसे आणि मानलेली माणसे

बोरी बुद्रुक या गावात आज किती माणसे राहतात? प्रश्न साधा आहे. परंतु त्याचे खात्रीचे उत्तर ना जुन्नरच्या तहसील कचेरीत मिळेल, ना पुण्याच्या जिल्हा परिषदेत, ना मुंबईच्या मंत्रालयात. जनगणनेचे पुस्तक २०११ सालचा आकडा दाखवील. शिधापत्रिकांचे दप्तर दुसरा सांगेल, मतदारयादी तिसरा. कुकडीच्या काठचे हे गाव पुरातत्त्वाच्या अभ्यासकांस सुपरिचित आहे. तेथील नदीपात्रात ज्वालामुखीच्या राखेचा थर आणि अश्मयुगीन माणसाची दगडी हत्यारे सापडली. त्या राखेचे वय कोणी चौदा लाख वर्षे मानले, कोणी पावणेसात लाख, तर कोणी ती सुमात्रा बेटावरील तोबा ज्वालामुखीच्या पाऊण लाख वर्षांपूर्वीच्या उद्रेकाची ठरविली. इतक्या जुन्या काळाविषयी विद्वानांनी वाद घालावा, हे समजण्यासारखे आहे. परंतु आज हयात असलेल्या, कर भरणाऱ्या आणि मत देणाऱ्या माणसांविषयीही शासनास अंदाजानेच बोलावे लागावे, हे मात्र समजण्यासारखे नाही.

१८८१ पासून दर दहा वर्षांनी देशाची शिरगणती होत आली. दोन महायुद्धे, १९१८ ची इन्फ्लुएन्झाची साथ आणि फाळणी यांनाही हा क्रम तोडता आला नाही. तो तुटला २०२१ साली. करोनाची साथ हे त्या वेळचे कारण खरे होते. परंतु साथ ओसरल्यावरही वर्षे लोटली. अखेर १६ जून २०२५ रोजी अधिसूचना निघाली आणि १ मार्च २०२७ हा गणनेचा संदर्भदिन ठरला. दोन गणनांमधील अंतर अशा रीतीने दहाचे सोळा वर्षे झाले. या सोळा वर्षांत राज्यकारभार थांबला नाही. धान्य वाटले गेले, अनुदाने वाटली गेली, लसी टोचल्या गेल्या, निवडणुका झाल्या. आणि २०२३ च्या एप्रिलात भारताने लोकसंख्येत चीनला मागे टाकले, असे संयुक्त राष्ट्रसंघाने सांगितले तेही अंदाजानेच. मग दोन गणनांच्या मधल्या काळात सरकार माणसे मोजते तरी कसे, आणि त्या मोजमापावर कितपत विसंबावे, याचा विचार नागरिकांनी करावयास हवा.

सर्वांत सोपी रीत वाण्याच्या व्याजाची. महाराष्ट्राची लोकसंख्या २००१ साली ९ कोटी ६९ लाख होती, २०११ साली ती ११ कोटी २४ लाख झाली. पुढील दहा वर्षांत तितकीच भर पडली असे सरळव्याजाने धरले तर २०२१ चा आकडा सुमारे १२ कोटी ७९ लाख येतो. वाढीचा दर, म्हणजे दशकातील सोळा टक्के, कायम धरून चक्रवाढीने हिशेब केला तर तोच आकडा १३ कोटी ३ लाखांवर जातो. केंद्र सरकारच्या लोकसंख्या आयोगाने नेमलेल्या तज्ज्ञ गटाने मात्र २०२१ साठी महाराष्ट्राचा आकडा सुमारे १२ कोटी ४४ लाख ठरविला. चक्रवाढीचा हिशेब आणि तज्ज्ञांचा हिशेब यांत ५९ लाखांचे अंतर आहे. राज्य तेच, वर्ष तेच, आधारभूत गणनाही तीच. केवळ रीत बदलताच अर्धा कोटीहून अधिक माणसे कागदावर जन्मास येतात किंवा कागदावरून नाहीशी होतात.

तज्ज्ञांची रीत अधिक शास्त्रशुद्ध आहे, यात शंका नाही. ते लोकसंख्या एकगठ्ठा वाढवीत नाहीत. गणनेतील स्त्री-पुरुषांची वयोगटांप्रमाणे विभागणी करावयाची. प्रत्येक गटास पाच वर्षांनी पुढील गटात ढकलावयाचे. त्या वयाच्या मृत्युदराप्रमाणे त्यातून माणसे वजा करावयाची. प्रजननक्षम वयातील स्त्रियांस किती मुले होतील ते जननदरावरून काढून तळाशी नवा गट घालावयाचा. आणि शेवटी आलेले मिळवावयाचे, गेलेले वजा करावयाचे. महाराष्ट्रात एका स्त्रीमागे सरासरी अपत्यांचे प्रमाण २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १.७ पर्यंत उतरल्याचे दिसले. चक्रवाढीच्या गणितास या उताराची दखल घेता येत नाही. वयोगटांच्या गणितास घेता येते. म्हणून तज्ज्ञांचा आकडा लहान आहे आणि तोच अधिक विश्वसनीय आहे.

पण हे जन्म-मृत्यूचे दर येतात कोठून? येथे आपल्या देशाने एक अभिमानास्पद काम केले आहे. १९४९ साली चंद्रशेखरन आणि डेमिंग या दोघा संशोधकांनी बंगालमधील सिंगूर येथील नोंदींच्या आधारे असे दाखविले की, दोन स्वतंत्र माणसांनी केलेल्या नोंदी ताडून पाहिल्या तर दोघांच्याही नजरेतून निसटलेल्या घटनांचा अंदाज बांधता येतो. पुढे हेच चंद्रशेखरन मुंबईच्या लोकसंख्या प्रशिक्षण व संशोधन केंद्राचे संचालक झाले. १९५६ साली स्थापन झालेले ते केंद्र आज देवनारची आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था म्हणून ओळखले जाते. १९६४-६५ साली प्रयोग म्हणून आरंभलेली आणि लवकरच देशभर पसरलेली नमुना नोंदणी पद्धती याच दुहेरी तपासणीवर उभी आहे. निवडलेल्या गावांत व वस्त्यांत स्थानिक नोंदक वर्षभर जन्म-मृत्यू टिपतो. दर सहा महिन्यांनी पर्यवेक्षक येऊन स्वतंत्रपणे विचारपूस करतो. दोन्ही याद्या जुळवून जेथे मेळ बसत नाही तेथे पुन्हा घरी जाऊन खातरजमा होते. पुणे जिल्ह्यासही ही विद्या परकी नाही. गोखले अर्थशास्त्र संस्थेच्या वि. म. आणि कुमुदिनी दांडेकर यांनी याच जिल्ह्यातील जनन-मृत्यूची पाहणी करून तिचे निष्कर्ष १९५३ साली प्रसिद्ध केले होते.

तथापि, उत्तम हत्यारही चुकते, याची साक्ष इतिहास देतो. १९११ ते १९२१ या दशकात देशाची लोकसंख्या २५ कोटी २१ लाखांवरून २५ कोटी १३ लाखांवर घसरली; इन्फ्लुएन्झाचे भाकीत कोणत्याही सूत्रात नव्हते. दुसऱ्या पंचवार्षिक योजनेने १९६१ साठी ४० कोटी ८० लाख माणसे गृहीत धरली. गणनेत निघाली ४३ कोटी ९० लाख. तीन कोटी अनपेक्षित तोंडे! मृत्युदर इतक्या झपाट्याने खाली येईल असे योजनाकारांस वाटले नव्हते. पुढे विद्या सुधारली. २००६ साली तज्ज्ञांनी २०११ साठी ११९ कोटी २५ लाखांचा अंदाज दिला आणि गणनेत १२१ कोटी ८ लाख भरले. ही चूक दीड टक्क्याची, म्हणजे कौतुकास्पद. महाराष्ट्राचा अंदाज तर जवळजवळ तंतोतंत उतरला. परंतु त्याच अंदाजात बिहारसाठी ९ कोटी ७७ लाख धरले होते आणि निघाले १० कोटी ४१ लाख. राष्ट्राच्या बेरजेत लहान दिसणारी चूक एका राज्याच्या वाट्यास अशी सहा टक्क्यांनी आली.

राज्याहून खाली उतरावे तसतशी जमीन अधिकच भुसभुशीत होत जाते. २००१ ते २०११ या दशकात पुणे जिल्हा ३० टक्क्यांनी वाढला, तर रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या १६ लाख ९७ हजारांवरून १६ लाख १५ हजारांवर उतरली. सिंधुदुर्ग आणि मुंबई शहर हे जिल्हेही घटले. राज्याची सरासरी या चौघांपैकी कोणालाच लागू पडत नाही. कारण उघड आहे. जन्म आणि मृत्यू यांचा वेग हळूहळू बदलतो. माणसांचे स्थलांतर एका कारखान्याने, एका धरणाने, एका दुष्काळाने बदलते. आणि अंदाजाच्या यंत्रात स्थलांतर हाच सर्वांत कच्चा भाग आहे. मागील दशकात जसे लोक आले-गेले तसेच पुढेही येत-जात राहतील, असे मानूनच ते चालते.

आता पुन्हा बोरी बुद्रुककडे, आणि जुन्नर-आंबेगावच्या त्या मुलुखाकडे वळू. २०११ साली जुन्नर तालुक्यात सुमारे चार लाख आणि आंबेगावात सुमारे २ लाख ३६ हजार माणसे मोजली गेली. या मुलुखातील तरुण चाकणच्या कारखान्यांत, पिंपरी-चिंचवडमध्ये, मुंबईच्या बाजारांत आणि डबेवाल्यांच्या व्यवसायात विखुरलेला आहे. उलट, कुकडीच्या पाटपाण्यावर ऊस उभा राहिला की मराठवाड्यातील व नगरकडील तोडकरी कुटुंबे येऊन कोप्या बांधतात. नारायणगावच्या टोमॅटोस आणि द्राक्षबागांस पश्चिमेच्या डोंगरातील आदिवासी मजूर लागतात. २०११ ची गणना ९ ते २८ फेब्रुवारी या काळात झाली. जो मनुष्य त्या सबंध काळात आपल्या गावी नव्हता, तो जेथे सापडेल तेथे मोजावयाचा, असा नियम होता. फेब्रुवारी म्हणजे ऐन गळिताचा हंगाम. नियमाप्रमाणे तोडकरी जुन्नरच्या खात्यावर मोजला जावयाचा. आणि पाऊस पडल्यावर तो व त्याची मुले बीडमध्ये, त्यांच्या नावाचा आकडा मात्र जुन्नरमध्ये. मोजलेल्या आकड्याचीच ही स्थिती, तर त्यावर उभारलेल्या अंदाजाची काय कथा?

जन्माच्या नोंदीची गोष्टही अशीच. १९६९ च्या कायद्याप्रमाणे घटना जेथे घडली तेथेच तिची नोंद होते. बोरीची सून पहिल्या बाळंतपणास माहेरी जाते, दुसऱ्या खेपेस नारायणगावच्या किंवा मंचरच्या दवाखान्यात. ते मूल वाढते बोरीत, नोंदले जाते दुसरीकडे. नोंदीच्या अर्जात आईचा कायमचा पत्ता असतो. परंतु त्या पत्त्यावरून गावोगावची बेरीज करून ती गावास परत पाठविण्याची रीत आपण रुजविली नाही. गावच्या दप्तरात जन्म-मृत्यूची वही, जुन्या भाषेत गाव नमुना चौदा, पिढ्यान् पिढ्या आहे. २०२३ साली कुणबी नोंदी शोधण्याचे काम निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या समितीकडे आले, तेव्हा याच वह्यांची जीर्ण पाने शासनाने मोठ्या आस्थेने चाळली. शंभर वर्षांपूर्वीच्या नोंदीविषयी जी आस्था आहे, ती आज सकाळी होणाऱ्या नोंदीविषयी का नसावी?

कोणी म्हणेल, आकडा थोडा पुढे-मागे झाला तर बिघडले कोठे? बिघडते ते दोन ठिकाणी. जेथे अंदाज वापरावयास हवा तेथे आपले कायदे जुन्या गणनेस चिकटून बसतात. आणि जेथे अंदाजाने बोलणे धोक्याचे, तेथे आपण अंदाज हा पुरावा म्हणून फडकवितो.

पहिल्याचे उदाहरण धान्याचे. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने ज्या गणनेचे आकडे प्रसिद्ध झाले आहेत तिच्यावर लाभार्थींची संख्या बांधली. त्यावरून महाराष्ट्राचा इष्टांक सुमारे सात कोटी ठरला. पुढे घरे वाढली, पोरे जन्मली, वेगळ्या चुली मांडल्या गेल्या. इष्टांक हलला नाही. नव्या सुनेचे नाव शिधापत्रिकेवर चढवावयाचे तर कोणाचे तरी उतरेपर्यंत थांबावयाचे, असा याचा व्यवहारातील अर्थ. ज्याँ द्रेझ आणि रीतिका खेरा या अर्थशास्त्रज्ञांनी २०२० साली हिशेब मांडला की, केवळ जुन्या गणनेमुळे देशात दहा कोटींहून अधिक माणसे या कायद्याच्या छत्राबाहेर राहिली आहेत. २०२२ साली सर्वोच्च न्यायालयानेही २०११ च्या आकड्याशी लाभ जखडून ठेवू नये, यासाठी सूत्र काढण्यास केंद्रास सांगितले. ग्रामपंचायतींस मिळणाऱ्या निधीचेही तेच. पंधराव्या वित्त आयोगाने स्थानिक संस्थांच्या अनुदानाची राज्याराज्यांतील वाटणी नव्वद टक्के लोकसंख्येवर आणि दहा टक्के क्षेत्रफळावर केली. ती लोकसंख्या २०११ ची.

शहरवासीयांनी हा केवळ खेड्यांचा प्रश्न समजू नये. राज्यघटनेने पंचायती आणि नगरपालिकांसाठी लोकसंख्या या शब्दाची व्याख्याच अशी केली आहे की, ज्या मागील गणनेचे आकडे प्रसिद्ध झाले तीच लोकसंख्या. त्यामुळे १५ जानेवारी २०२६ रोजी झालेल्या पुणे महापालिकेच्या निवडणुकीसाठी प्रभाग पाडताना समाविष्ट गावांसह सुमारे ३४ लाख ८१ हजार लोकसंख्या धरण्यात आली. आणि मतदारयादीत नावे निघाली ३५ लाखांहून अधिक. पाळण्यातल्या मुलांसह सर्वांची जी बेरीज, तिच्याहून प्रौढ मतदारच अधिक! या विसंगतीस हसून सोडून देता येणार नाही. जुन्नर-आंबेगावातून आलेली जी कुटुंबे आज कात्रज, हडपसर आणि वाघोलीत राहतात, ती गावच्या पुस्तकात अद्याप गावीच आहेत. गावास त्यांच्या नावाचा निधी जातो, शहरात त्यांच्या नावाचे पाणी येत नाही.

दुसऱ्या प्रमादाचे उदाहरण मतदारयादीच्याच वादाचे. २०२४ च्या विधानसभा निवडणुकीत राज्यात ९ कोटी ७० लाख मतदार होते. लोकसभेतील विरोधी पक्षनेते राहुल गांधी यांनी फेब्रुवारी २०२५ मध्ये असे मांडले की, सरकारी अंदाजाप्रमाणे राज्यात प्रौढ माणसेच ९ कोटी ५४ लाख आहेत. मग १६ लाख मतदार आले कोठून? प्रश्न विचारण्याचा त्यांचा हक्क निर्विवाद आहे आणि यादी शुद्ध असल्याचे दाखविण्याची निवडणूक आयोगाची जबाबदारीही तितकीच निर्विवाद आहे. परंतु या दोन आकड्यांची वजाबाकी काहीच सिद्ध करीत नाही. एक आकडा नावांच्या यादीचा. तीत मेलेल्यांची आणि गाव सोडून गेलेल्यांची नावे रेंगाळतात. दुसरा तेरा वर्षांपूर्वीच्या पायावर, स्थलांतर पूर्वीसारखेच राहील असे मानून उभारलेला. दोघांत पावणेदोन टक्क्यांचा फरक आहे. बिहारच्या अंदाजात याच्या तिप्पट चूक निघाली होती. आरोप खोटा ठरविण्यास किंवा खरा ठरविण्यास जे एकच साधन होते, ती गणना, तेच आपल्यापाशी नव्हते. २०२१ साली मुंबईत लसीच्या पहिल्या मात्रेचे प्रमाण शंभर टक्क्यांच्या वर गेले, तेव्हाही हाच धडा मिळाला होता: बाहेरून येऊन लस घेणारे वरच्या अंकात होते, खालच्या अंदाजात नव्हते.

इतर देश काय करतात? डेन्मार्कने प्रत्येक रहिवाशाच्या पत्त्याची नोंदवही इतकी पक्की केली की, १९८१ ची गणना घरोघर न जाता तिच्यावरूनच झाली. अमेरिकेत गणना दहा वर्षांनीच होते. परंतु दरम्यान तीन हजारांहून अधिक परगण्यांचे अंदाज दरवर्षी प्रसिद्ध होतात. तेथेही चुका होतात. इंग्लंड-वेल्समध्ये २०११ ची गणना झाली तेव्हा चालू अंदाजाहून साडेचार लाखांवर माणसे अधिक निघाली. पूर्व युरोपातून आलेल्यांची नोंद पुरी पडली नव्हती. परंतु चूक किती, हे तेथे उघडपणे सांगितले गेले आणि मागील वर्षांचे अंदाज दुरुस्त केले गेले. अंदाज चुकणे हा दोष नव्हे. अंदाजाची परीक्षाच होऊ न देणे, हा दोष होय.

यास्तव आमची मागणी स्पष्ट आहे. राज्यांपुरते थांबलेले अंदाज जिल्हा आणि तालुक्यापर्यंत दरवर्षी काढावेत आणि प्रत्येक आकड्यापुढे त्याचा आधार, रीत आणि संभाव्य चूक छापावी. १ ऑक्टोबर २०२३ पासून लागू झालेल्या दुरुस्तीने जन्म-मृत्यूच्या नोंदी राष्ट्रीय पातळीवर एकत्र करण्याची तरतूद झाली आहे. त्या साठ्यातून आईच्या व मृताच्या राहत्या गावाप्रमाणे बेरजा काढून त्या ग्रामपंचायतीस कळवाव्यात. अन्नधान्यासारख्या बाबतीत, जेथे उशिराचा अर्थ उपासमार, तेथे मध्यंतरीचा अंदाज ग्राह्य धरण्याची सोय कायद्यात हवी. मतदारसंघ आणि प्रतिनिधित्व यांच्या बाबतीत मात्र प्रत्यक्ष मोजणीखेरीज काहीही चालू नये. आणि म्हणूनच ती मोजणी वेळेवर घेणे हे शासनाच्या मर्जीवर सोडलेले काम न राहता कायद्याने मुदत घातलेले कर्तव्य व्हावे. जनगणनेच्या १९४८ च्या कायद्यात गणना दर दहा वर्षांनी घ्यावी, असे बंधन नाही, हे पुष्कळांस ठाऊक नसते.

आकडा हा माणसाचा पर्याय नव्हे, याची आठवण आंबेगाव तालुक्यानेच दिलेली आहे. ३० जुलै २०१४ रोजी माळीणवर डोंगर कोसळला आणि १५१ जीव गेले. ढिगाऱ्याखाली किती माणसे आहेत, हा त्या दिवशीचा पहिला प्रश्न होता. गणनेस तेव्हा तीनच वर्षे झाली होती. तरीही त्या सकाळी कोण घरात होते, कोण रानात, कोण मुंबईस आणि कोण पाहुणा म्हणून आलेले, हे गणनेचे पुस्तक सांगू शकत नव्हते. सांगू शकत होते ते गावच. राज्यकर्त्यांनी हे ध्यानी घ्यावे. लोकसंख्येचे ज्ञान दिल्लीच्या यंत्रातून गावी उतरत नसते, ते गावच्या वहीतून दिल्लीस चढत असते. प्रगणक बोरी बुद्रुकच्या उंबऱ्यावर उभा राहील तेव्हा सोळा वर्षे मानलेली माणसे पुन्हा मोजलेली होतील. त्यानंतर त्यांस पुन्हा इतकी वर्षे केवळ मानून चालणार नाही.